धाब्यावर गवत उगवायचं, मग स्लॅबवर का नाही?

पत्र: «इंदिरानगरमध्ये आमचं रो-हाऊस आहे. खालचं घर १९९६चं, वरची खोली आम्ही २००९मध्ये चढवली. त्या खोलीत सासूबाई झोपतात, त्यांचं वय ७९. मार्च लागला की रात्री अकरापर्यंत ती खोली तापलेली असते, त्यांना झोप लागत नाही. मुलगा म्हणतो, गच्चीवर हिरवं छप्पर कर, म्हणजे स्लॅबवर थर पसरून झाडं लाव, खाली गारवा राहील. शेजारचे काका म्हणतात, स्लॅब गळेल आणि आमच्याही भिंतीला ओल येईल. सासूबाई सटाण्याकडच्या. त्या म्हणतात, आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, गवत आपोआप उगवायचं, काही होत नाही. माती थेट टाकली तर चालेल का? लॉन लावू का? फार खर्च झेपणार नाही. कुणाचं ऐकू?» — एक वाचक, नाशिक

ताई, नमस्कार.

ऐका तिघांचंही, पण सगळ्यात आधी शेजारच्या काकांचं. त्यांची भीती खरी आहे. मुलाचंही बरोबर आहे, आणि सासूबाईंनी तर या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट सांगितली आहे, फक्त अर्धी. तिच्याकडे येतो. त्याआधी या उन्हाळ्याचं बोलू, कारण हिरवं छप्पर पावसाळ्याच्या तोंडावर होईल आणि सासूबाईंना झोप आज हवी आहे.

खोली रात्री तापते ती काँक्रीटच्या जाडीमुळे. दुपारी स्लॅबने खाल्लेलं ऊन खालच्या अंगाला पोचायला काही तास जातात. दुपारचं ऊन तुमच्या खोलीत संध्याकाळी उतरतं. तेव्हा बाहेर गंगापूर धरणाकडून वारं सुटलेलं असतं आणि आत मात्र छत धगधगतं. नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो त्या दिवसांत उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग ५०-६० अंशांपर्यंत जातो. अनवाणी पाय टेकवून बघा, दुसरी मोजणी नको.

म्हणून याच रविवारी गच्ची झाडून-धुऊन घ्या आणि वरच्या खोलीच्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडं फेविकॉल घालून मारला तर पावसाळ्यापर्यंत टिकतो. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवून लावतो. एका दिवसाचं काम आणि अगदी थोडा खर्च. तुम्हाला फक्त गारवाच हवा असेल आणि झाडांची हौस नसेल, तर इथेच थांबलात तरी चालेल, हे मी मनापासून सांगतोय. पण तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्हाला हिरवळही हवी आहे असं वाटतं, म्हणून पुढे लिहितो.

आता धाब्याचं. बागलाणात, मालेगावकडे, खानदेशात धाब्याची घरं होती तेव्हा छप्पर म्हणजे माणसाने वर उचललेली जमीनच असायची. तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर तुराट्या नाहीतर पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी, खारी माती. ती खारी माती निवडण्यात फार मोठं शहाणपण होतं. तिच्यातल्या सोडियममुळे ओली होताच मातीचे बारीक कण सुटे होतात आणि फटी बुजवून टाकतात. पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहतं आणि पन्हाळीतून बाहेर पडतं. दरवर्षी मृगाआधी घरातला कर्ता माणूस वर चढायचा, भेगा बघायचा, नवी माती टाकायचा, पन्हाळी मोकळ्या करायचा. गवत उगवायचं हे सासूबाईंना आठवतं. ते उगवलेलं गवत कुणीतरी दरवर्षी उपटायचं, आणि झडीचा पाऊस आठवडाभर लागला की रात्री तुळयांचा आवाज येतो का म्हणून घरातली म्हातारी माणसं जागी असायची, हेही त्यांना विचारून बघा. त्यांना नक्की आठवेल. धाबी बसायची ती गवतामुळे नाही, भिजलेल्या मातीच्या वजनामुळे.

वजन हाच तुमच्या घराचा पहिला प्रश्न आहे. त्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

माणसांनी जायच्या-यायच्या गच्चीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरायला सांगतं. सोप्या भाषेत साधारण १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. नुसती दुरुस्तीपुरती वर जायची गच्ची असेल तर याच्या निम्मंच. हा भार माणसांचा, वाळत घातलेल्या धान्याचा, ठेवलेल्या सामानाचा. कायमच्या मातीचा त्यात हिशेब नसतो. आता तुमची खोली १० बाय १२ची धरू. तिच्यावर चार इंच काळी माती टाकली आणि ती पावसाने पूर्ण भिजली, तर चौरस फुटाला १७ किलोच्या आसपास आणि सगळं मिळून दोन टन वजन होतं. एवढं वजन वर्षानुवर्षं सासूबाईंच्या डोक्यावर. त्यात तुमची खोली नंतर चढवलेली. तिचे कॉलम खालून आलेत की भिंतीवरच बीम टाकलाय, स्लॅब किती जाड आहे, गज किती अंतरावर आहेत, हे पत्रातून कळत नाही आणि मलाच काय, गच्चीवर उभं राहून नुसत्या नजरेने कुणालाच कळणार नाही.

तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. आर्किटेक्ट नको, नर्सरीवाला नको, मिस्त्री तर नकोच. २००९चे नकाशे असतील तर काढून ठेवा. त्यांना एकच प्रश्न नेमका विचारा: «या स्लॅबवर चौरस मीटरला सव्वाशे किलो कायमचा भार, ओला धरून, चालेल का?» असा आकडा घालून विचारलं तर उत्तरही नेमकं मिळतं. «थोडी झाडं लावू का?» असं विचारलंत तर «लावा की» म्हणतील आणि त्या «लावा की»ला काही अर्थ नाही. ते येण्याआधी तुम्ही स्वतः खोलीत उताणं पडून छताकडे पाच मिनिटं बघा. तपकिरी रेघा, फुगलेलं प्लास्टर, कुठे गजाच्या ओळीत पडलेली चीर, यातलं काहीही दिसलं तर आतले गज गंजायला लागले असण्याची शक्यता आहे. मग हिरव्या छपराचा विचार सोडा आणि आधी स्लॅबची दुरुस्ती करा.

इंजिनियर नाही म्हणाले तर? तर नाराज होऊ नका, नाशिककराच्या हाताशी दुसरा उपाय आहे. आपण मांडवाची माणसं. दिंडोरी-पिंपळगावला जाताना दुतर्फा द्राक्षांचे जे मांडव दिसतात तेच गच्चीवर करा: अँगलचे हलके खांब कॉलमच्या डोक्यावर, वर तारा, आणि त्यावर वेल. मुळं जमिनीत किंवा कॉलमवरच ठेवलेल्या एखाद-दुसऱ्या ड्रममध्ये. दोडका, कारलं, गोकर्ण, हौस असेल तर द्राक्षाचाच एक वेल. स्लॅबवर सावली पडली की तापण्याचं मूळच गेलं, आणि मधून वारा खेळतो तो वेगळाच फायदा. हिरव्या छपराच्या गारव्यातला मोठा वाटा सावलीचाच असतो, त्यामुळे मांडव म्हणजे काही कमीपणा नाही. वादळी वाऱ्यासाठी खांब नीट बांधा, एवढंच.

पण समजा ते हो म्हणाले.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या «माती थेट टाकू का» या प्रश्नाचं उत्तर आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पंचवटीतल्या आमच्या घरावर मी अशीच बाग केली. मखमलाबादकडच्या शेतातली काळीभोर माती आणली, गच्चीवर साधं प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर पाच इंच माती. पहिलं वर्ष विचारू नका. पाहुणे मुद्दाम वर येऊन बघून जायचे. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात दोन दिवस पाऊस थांबला नाही आणि मध्यरात्री आईने उठवलं, कपाटावर टपटप आवाज येतोय म्हणून. टॉर्च घेऊन वर गेलो तर पाणी घोट्याच्या वर. वाहून आलेल्या चिकणमातीने पाइपाच्या तोंडाची जाळी लिंपून टाकली होती. हात घालून जाळी उपसली तेव्हा पाइपाने पाणी ओढल्याचा जो आवाज आला तो मी अजून विसरलो नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघा भावांनी घमेल्या-घमेल्याने माती खाली उतरवली. शेवटी प्लास्टिक उचललं तर त्याच्या जोडातून हरळीची मुळं खाली गेलेली, पांढरीशुभ्र, शेवयांसारखी, आणि थेट कोब्याच्या चिरेत शिरलेली. एक ओढली तर चिरेतून वीतभर बाहेर आली, तरी तुटली नाही. छतावरचा डाग आम्ही दोनदा रंगवला, तो दोन्ही वेळा परत वर आला.

चूक सर्वस्वी माझी होती. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते, वाळली की तिला भेगा पडतात. शेतात हे वरदान आहे, स्लॅबवर नाही. आणि मी पाण्याला जायला वाट ठेवली नव्हती.

म्हणून थर. थर ऐकून घाबरू नका, यात अवघड काही नाही आणि बऱ्याच वस्तू आपल्या जिल्ह्यात शेतीमुळे सहज मिळतात. सगळ्यात खाली तुमचा कोबा आणि त्यावर वॉटरप्रूफिंग. ते जुनं असेल तर आत्ता, कोरड्या दिवसांतच करून घ्या. एकदा वर झाडं आली की खालची गळती शोधणं फार कठीण. कठड्याच्या कोपऱ्यात मिस्त्री जो गोल वाटा काढतात तो कुठे तुटलेला नाही ना, तिथे आवर्जून बघा, कारण बहुतेक गळती तिथूनच सुरू होते. मग इंजिनियरच्या परवानगीने पाइपाची तोंडं बंद करून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, त्यामुळे परवानगी हवीच. या दोन दिवसांत शेजारच्या काकांना चहाला बोलवा आणि त्यांची भिंत त्यांच्यासमोर बघा. कोरडी निघाली तर त्यांचा विरोध तिथेच निम्मा होईल. ओली निघाली तर त्यांचे आभार माना, तुमचे पुढचे कितीतरी पैसे वाचले.

वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारा थर हवा. यासाठी शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद वापरा. पातळ, स्वस्त प्लास्टिक नको. तुमच्या खोलीपुरता तो शक्यतो एकसंध घ्या. जोड द्यावाच लागला तर शेततळ्यासारखा मशिनने चिकटवून घ्या, नुसता एकावर एक ठेवू नका. माझ्याकडे हरळी तिथूनच गेली. कडेला तो कठड्यावर वीतभर चढवा. जर्मनीत या प्रकारच्या छपरांचा अभ्यास १९७०च्या दशकापासून पद्धतशीर झाला आणि त्यांची मार्गदर्शक तत्त्वं १९८२पासून आहेत. तिथे असा मूळरोधक थर तपासताना त्यावर हरळीसारखंच जमिनीखालून काड्या पसरवणारं एक गवत मुद्दाम लावून दोन-दोन वर्षं बघतात. हरळीला कमी लेखू नये हे त्यांनाही कळलंय. म्हणून लॉन तर नकोच, आणि गणपतीसाठी दुर्वा हव्या असतील तर त्या वेगळ्या कुंडीत.

कागदावर ड्रेनेज सेल, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीदार पाट्या. नर्सरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. पाणी त्यांच्या पोकळीतून ढाळाकडे निघून जातं. त्यावर जिओटेक्सटाइलचं कापड, माती खाली जाऊ नये म्हणून. इथे पैसे वाचवायला जुनी साडी किंवा गोणपाट घालायचा मोह होतो. गोणपाट वर्ष-दीड वर्षात कुजतं आणि सगळा गाळ खाली. इथे काटकसर नको.

कठड्यापासून आणि प्रत्येक पाइपाच्या तोंडापासून फूट-दीड फूट पट्टा मोकळा ठेवा, त्यात नुसते गोटे. काकांच्या बाजूचा कठडा सामाईक आहे, तिथे दोन फूट सोडा. पाइपाच्या तोंडावर उचलता येणारी टोपलीसारखी जाळी बसवा आणि ती गोट्यांखाली गाडू नका, डोळ्यांना दिसली पाहिजे. हिशेबच सांगतो: एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या १२० चौरस फुटांवर अकराशे लिटर पाणी पडतं. नाशिक शहरात जो काही पाऊस होतो तो बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि त्यातलाही बराचसा जुलै-ऑगस्टमधल्या मोजक्या दिवसांत. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला ते दिवस आठवा. अशा दिवशी तुमची जाळी मोकळी असायला हवी. ढाळ नसेल, गच्चीवर कुठे पाणी साचून राहत असेल, तर ते आधी सुधारा. तिथे डासही होतात.

मातीला मी माती म्हणणार नाही, मिश्रण म्हणतो. तीन भाग विटांचा चुरा, हरभऱ्यापासून शेंगदाण्याएवढा. वीटभट्टीवर तुटक्या-फुटक्या विटांचा ढीग पडलेला असतो, तिथून आणा आणि पीठ चाळून टाका. एक भाग धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत. तीन इंच जाडीला १२० चौरस फुटांसाठी साधारण ८४० लिटर मिश्रण लागेल, म्हणजे दहा लिटरच्या ८४ बादल्या. कोकोपीटच्या ५ किलोच्या दोन-तीन विटा पुरतात, भिजल्यावर फार फुगतात. गच्चीवर भाजीपाला करणारे पालापाचोळा आणि उसाच्या चिपाडावर बाग करतात. ती पद्धत पिंपांसाठी उत्तम आहे, पण छपरावर पसरण्यासाठी नाही. पाचोळा कुजून बसतो आणि दोन वर्षांत तीन इंचांचा एक इंच उरतो. विटेचा चुरा बसत नाही, पाणी थोडं धरतो आणि बाकीचं सोडून देतो.

मिश्रण तयार झालं की वर चढवण्याआधी एक प्रयोग करा. बादलीला खाली भोकं पाडा, दहा लिटर मिश्रण भरा, पाणी ओतून पूर्ण भिजवा, थेंब थांबेपर्यंत निथळू द्या आणि भंगारवाल्याच्या नाहीतर किराणावाल्याच्या काट्यावर वजन करा. बादलीचं वजन वजा करून दहाने भागा, ७५ने गुणा. हे तुमचं चौरस मीटरचं तीन इंचांचं ओलं वजन. १३ किलो भरलं तर शंभराच्या आत बसता. त्यावर पाट्या आणि झाडं धरून सव्वाशेची मर्यादा पाळता येते. शेजारी तीच बादली काळ्या मातीने भरून तोलून बघा, १८-१९ किलो भरेल. मुलाला हा प्रयोग करायला सांगा, पुण्या-मुंबईत असला तर सुट्टीत आला की.

पहिल्या वर्षी अर्ध्याच स्लॅबवर करा आणि उरलेल्या अर्ध्याला चुना ठेवा. पैसे वाटले जातील, आणि ऑगस्टात काही चुकलं तर अर्धीच घमेली उतरवावी लागतील. टाकी असेल तिथे काही करू नका, हजार लिटरची टाकी एकटीच टनाची असते. छज्ज्यावर तर कुंडीसुद्धा नको.

आता झाडं, ज्यांच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत. परदेशी व्हिडिओंत सेडम नावाची झाडं दिसतील. ती मागवू नका. आपल्या पावसाळ्याच्या ओल्या उकाड्यात ती बऱ्याचदा सडतात. आपल्याकडे याचा नमुना बघायचा असेल तर श्रावणात अंजनेरीला जा. कातळावर दोन-तीन बोटं माती, तिच्यावर जून ते ऑक्टोबर काय काय फुलतं आणि डिसेंबरपर्यंत सगळं वाळून पिवळं होतं. तिथल्या एका कंदीलपुष्पाला शास्त्रज्ञांनी अंजनेरीचंच नाव दिलं आहे. तिथून काडीही आणू नका, फक्त बघून या. तुमचं छप्परही तसंच वागणार आहे: चार-पाच महिने हिरवंगार, हिवाळ्यात पोपटी-तपकिरी, एप्रिलमध्ये अर्धं वाळलेलं. ते मेलं असं समजून पाण्याचा नळ सोडू नका.

लावायला सगळ्यात भरवशाची म्हणजे चिवळ आणि घोळ. हो, भाजीची. पानं मांसल, मुळं उथळ, ऊन कितीही असो. घोळीची तर कमाल आहे. पाणी मिळतं तेव्हा ती एका पद्धतीने वाढते आणि पाणी तुटलं की निवडुंगासारखी रात्री श्वासरंध्रं उघडून पाणी राखते. तिचीच बहीण ऑफिस टाइम, चिनी गुलाब म्हणतात ती, रंगासाठी. बोटभर काडी खोचली की लागते. कडेला पानओवा, कोरफड, रोहियो. बीमच्या ओळीवर, इंजिनियर जागा दाखवतील तिथे, गवती चहाचे दोन गड्डे. मोकळ्या जागी तेरड्याचं बी टाका, पुढल्या वर्षी ते आपलं आपण येईल. ज्याच्या नराच्या काळ्या पंखांवर चांदण्यांसारखे मोठे पांढरे ठिपके असतात असं एक फुलपाखरू आहे, त्याची मादी घोळीवर अंडी घालते. त्याच्या काटेरी अळ्या थोडी पानं खातील. खाऊ द्या.

कावळे-साळुंक्यांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबर नक्की उगवतील. दोन पानांचं असतानाच काढा. पिंपळ उपटायला मन होत नाही, आमच्या घरीही तोच प्रश्न होता. मग मुळासकट अलगद काढून पिशवीत लावा आणि पावसाळ्यात मोकळ्या जागी नेऊन लावा, पण वर ठेवू नका.

लावणी मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर. पहिले दोन महिने पावसाने दडी मारली तर पाणी द्या, मग हळूहळू तोडा. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ठिबकने थोडं पुरेल. लॉन लावली असती तर मे महिन्यात त्याच जागेला रोज ५०-६० लिटर लागलं असतं, आणि मेमध्ये नाशिकमध्ये ते पाणी कुणाच्या तोंडचं असतं हे तुम्हाला माहीत आहे. आरओचं सोडलेलं पाणी नुसतं घालू नका, त्यात क्षार असतात. साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून.

गारवा किती मिळेल, तर एसीसारखा नाही. पण स्लॅब उन्हात तापणं बंद होईल. ओल्या मिश्रणातलं आणि पानांतलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते विजेच्या जवळपास दोन तृतीयांश युनिटएवढी उष्णता घेऊन जातं. रात्री अकराला छताला हात लावलात तर फरक हाताला कळेल. उन्हाळ्यात झाडं वाळली तरी तीन इंचांचा थर स्लॅबला झाकून असतोच. सासूबाईंच्या खोलीत दोन समोरासमोर खिडक्या उघडता येत असतील तर रात्री त्या उघड्या ठेवा. बंद खोलीत वरच्या छपराचा उपयोग निम्मा होतो.

आता एप्रिल संपायच्या आत इंजिनियर येऊन गेले पाहिजेत, मे महिन्यात वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी. ते जमलं नाही तर यंदा नुसता चुना आणि पुढच्या वर्षी छप्पर. घाईघाईत भर पावसाळ्यात वॉटरप्रूफिंग करू नका.

आणि चिवळीची रोपं नर्सरीतून विकत आणायची गरज नाही. भाजीबाजारात जुडी घ्या. वरण-भातासोबत तिची मुगाची डाळ घालून भाजी होईलच. निवडायला बसाल तेव्हा ज्या काड्यांना मुळं आहेत त्या वेगळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवा. त्या निवडण्याचं काम सासूबाईंना द्या. त्यांच्या हाताला ते आमच्या-तुमच्यापेक्षा नीट माहीत असेल.